बाबांना सांगायचंय, साऱ्या समाजाला नाही

(पत्र थोडं संक्षिप्त करून)

नमस्कार. मी 26 वर्षांचा आहे. नोकरीसाठी घरापासून लांब, एकटा राहतो. मी गे आहे हे मला शाळेत असल्यापासून कळतंय, घरी कुणालाच माहीत नाही. आमचा समाज लहान आहे. सकाळी एखाद्याच्या घरी काही झालं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. बाबा समाजाच्या कामात पुढे असतात, घराघरांतली भांडणं मिटवायला लोक त्यांना बोलावतात. आईला बीपी आहे, गोळ्या चालू आहेत. ताईचं लग्न समाजातच झालंय. दोन वर्षांपासून माझ्या आयुष्यात एक मुलगा आहे. घरी आता माझ्या लग्नाचा विषय सारखा निघतो आणि मी दर वेळी नवं कारण शोधतो. पुढच्या महिन्यात काका, आत्या, मामा सगळे आमच्याकडे जमणार आहेत. तेव्हा सगळ्यांसमोर एकदाच सांगून मोकळं व्हावं असं वाटतं. बाबांना द्यायला चार पानांची चिठ्ठी लिहिली आहे, ती सोबत पाठवतोय. कधी वाटतं नकोच हे सगळं, सरळ लग्न करून टाकावं, म्हणजे सगळ्यांचं समाधान. ताईला बहुतेक संशय आहे. मागच्या वेळी निघताना हातात पिशवी देत ती म्हणाली, ‘काही सांगायचं असेल तर मला आधी सांग.’ मी ‘काही नाही गं’ म्हणून गाडीत बसलो. काय करू?

ता. क. : आईला सांगितलं आणि तिने ‘बाबांना यातलं काही कळू देणार नाहीस’ अशी शपथ घातली तर?

– नाव नको

•

आधी लग्नाचं बोलते. तुझ्या बाकीच्या प्रश्नांना ‘बघून, जपून, वेळ घेऊन’ अशी उत्तरं आहेत, या एकाला सरळ ‘नाही’ आहे. ‘सगळ्यांचं समाधान’ असं तू लिहिलंस, त्यात ती मुलगी कुठे धरलेलीच नाही. तिला यातलं काही ठाऊक नसणार. नवरा आपल्यापासून लांब लांब का राहतो याचं कारण ती बिचारी स्वतःतच शोधत बसेल. आपल्या दिसण्यात काही कमी आहे का, आपलं काही चुकतंय का? अशा बायकांचीही पत्रं मला येतात, आणि खरं कळेपर्यंत बऱ्याच जणींच्या पदरात मुलं असतात. तुझ्या भीतीची किंमत तिने मोजायची हे मला पटत नाही. तेव्हा तो विचार सोड. रोज नवी सबब शोधणंही बंद कर आणि ‘मला लग्न करायचं नाही’ एवढंच म्हणायला लाग. कारण विचारतील. ‘आत्ता सांगायचं नाही’ हेही खरं उत्तर आहे. पुढे जेव्हा सगळं सांगशील तेव्हा ‘इतके दिवस खोटं बोललास’ हा आरोप त्यामुळे जरा तरी हलका होईल.

घरी सांगायलाच हवं, असं देणं तू कुणाचं लागत नाहीस. ‘उघड बोल, त्यात काय घाबरायचं’ म्हणणारे हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांना दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी राहायचं नसतं. सांगायचं ठरवलंस तर वाईटात वाईट काय होईल ते आधी डोळ्यांसमोर आण. बाबा ‘चालता हो’ म्हणाले तर त्या रात्री कुठे झोपशील? तुला नोकरी आहे, स्वतःची खोली आहे, ही फार मोठी जमेची बाजू. हे वाचणारं कुणी 17-18 वर्षांचं असेल, फी आणि जेवण घरूनच येत असेल, किंवा मारहाण होईल, कोंडून ठेवतील, फोन काढून घेतील अशी शंका असेल, तर त्यांना मी थांबायलाच सांगेन. त्या थांबण्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. तुला एक विचारते, तुझी मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुठे आहेत? बहुतेकांचे ते वडिलांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या फायलीत असतात. घरी सांगण्याच्या आधीच्या फेरीत ती फाईल घेऊन ये. ऑफिसात लागते म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

‘पोलिसांत देईन’ अशी धमकी काही घरांत निघते, म्हणून कायद्याचंही सांगून ठेवते. काही देशांत असे संबंध आजही गुन्हा आहेत, त्यामुळे आपण राहतो तिथला कायदा माहीत हवा. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे संबंध कलम 377 च्या कक्षेबाहेर काढले. तिथे त्या धमकीत दम उरलेला नाही.

आता सगळे जमणार आहेत त्या दिवसाचं. तो बेत रद्द. एकदाच सांगून मोकळं व्हावं असं वाटणं मला कळतं, पण मोकळा तू होशील आणि बाबा अडकतील. ज्यांच्या शब्दाला चारचौघांत मान आहे असा माणूस भावांसमोर, मेव्हण्यांसमोर ही गोष्ट ऐकतो तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. त्याला तिथल्या तिथे काहीतरी निकाल द्यावा लागतो. तो दिलेला निकाल पुढे मागे घेणं महाकठीण, कारण ऐकायला सगळं गोत हजर होतं. तेच बाबा एकटे असताना कदाचित नुसते गप्प बसतील. गप्प बसलेल्या माणसाकडे चार दिवसांनी पुन्हा जाता येतं.

लहान समाजातली खरी गोम वेगळी आहे, आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. तू सांगशील त्या क्षणापासून हे गुपित तुझ्या एकट्याचं राहणार नाही. विषय बदलणं, हसून वेळ मारून नेणं, फोनमध्ये त्याचं नाव भलत्याच नावाने ठेवणं, हे जे तू इतकी वर्षं करत आलास ते उद्यापासून आईलाही करावं लागेल. शेजारीण सहज विचारेल, ‘मुलाचं कुठे जमतंय का?’ तुला या कसरतीची सवय व्हायला वर्षं मिळाली. तिला दारात उभ्या उभ्या उत्तर द्यायचंय.

म्हणून घरच्यांना सांगणं आणि समाजाला कळणं ही दोन कामं वेगळी ठेव, आणि ती वेगळी आहेत हे त्यांना पहिल्याच बैठकीत सांग. ‘हे मी फक्त तुम्हाला सांगतोय. बाहेर कुणाला कळू द्यायचं, कधी, ते आपण मिळून ठरवू. तुम्हाला विचारल्याशिवाय मी समाजात कुठे बोलणार नाही, तुम्हीही मला विचारल्याशिवाय बोलू नका.’ कित्येक घरांत पहिल्या रात्रीचा आकांत मुलगा गे आहे म्हणून कमी आणि उद्या लोकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून जास्त असतो. ती धास्ती जरा कमी झाली की मूळ गोष्ट त्यांच्या कानात शिरते. शेजारणीसाठी आईला एक वाक्यही देऊन ठेव. ‘त्याच्या लग्नाचं सध्या काही नाही, असेल तेव्हा कळवूच.’ यात काही खोटं नाही आणि पुढे विचारायला जागाही राहत नाही. हा करार जन्मभराचा नाही, हेही तेव्हाच बोलून ठेव. त्यांना सावरायला वेळ द्यायचा, स्वतःला कायमचं गाडून घ्यायचं नाही.

चिठ्ठी वाचली. पोटतिडकीने लिहिली आहेस, तरी देऊ नकोस. लेखी काही असं पहिल्यांदाच कुणाच्या हातात देऊ नये. कागद गादीखाली सापडतो, मेसेजचा स्क्रीनशॉट निघतो, आणि एकदा फॅमिली ग्रुपवर गेलं की संपलंच. मजकुराबद्दलही माझं म्हणणं आहे. तुझी सुरुवातच ‘मला माफ करा, माझ्यामुळे तुमची मान खाली जाणार आहे’ अशी आहे. तूच असं म्हणालास तर बाबा वेगळं काय म्हणतील? ते वाक्य काढ. ‘मी बदलण्याचा खूप प्रयत्न केला’ हा परिच्छेद तर पुरताच काढ. तो वाचून त्यांच्या मनात पहिलं हेच येईल की पोराचे प्रयत्न कमी पडले, आता आपण डॉक्टर बघू. चौथ्या पानावर अगदी खाली तू लिहिलंयस, ‘रात्री तुमच्याशी फोनवर बोलून झालं की वाटतं, आपण कुणा दुसऱ्याच मुलाबद्दल बोललो.’ अरे, हे पहिल्या ओळीत हवं होतं! समोर बसशील तेव्हा इथूनच सुरू कर. मग सरळ सांग, ‘मला मुलींबद्दल तसं कधी वाटलं नाही, मुलांबद्दल वाटतं. मी गे आहे.’ आणि थांब. पुढचं भाषण तुझं पाठ असेल, पण ते त्या दिवशी कुणी ऐकत नसतं.

बाबांचा नंबर मात्र पहिला नाही. पहिली ताई. तिने आपणहून विचारलंय, आणखी काय करायला हवं तिने? फोनवर नको, भेटून सांग. मदत मागण्याआधी तिला एक विचार, ‘तुझ्या सासरी हे कळलं तर तुला काय ऐकून घ्यावं लागेल?’ समाजात पुढेमागे कुजबुज झाली तर टोमणे तुझ्याआधी तिच्या स्वयंपाकघरात पोचतील. टोमणे मारणाऱ्यांचं पाप तुझ्या माथी नाही. पण तिला आधी कळलं तर नवऱ्याला सांगायचं की नाही, कधी, हे तिचं तिला ठरवता येईल. तेवढं तुझ्या हातात आहे. ती ‘मला थोडे दिवस दे’ म्हणाली तर दे.

आईचं बीपी. तब्येतीचं कारण घरोघर असतंच, कुणाचं बीपी, कुणाची साखर. आईबाप ठणठणीत होण्याची वाट पाहायची तर कुणीच कधी काही सांगणार नाही. गोळ्या वेळेवर चालू असतील आणि डॉक्टरांनी काही खास काळजी सांगितली नसेल, तर तुला गप्प बसवायला ते कारण पुरेसं नाही. वेळ मात्र निवडून घे. ती आजारातून नुकती उठलेली असताना नको, रात्री अंथरुणावर पडायच्या वेळी नको, आणि तू दोन तासांनी गाडी पकडणार असशील तेव्हा तर मुळीच नको. सकाळी, ताई घरात असताना सांग, आणि पुढचे दोन-तीन दिवस तिथे किंवा हाकेच्या अंतरावर राहा. आई रडेल. तिच्या रडण्याला घाबरून ‘बघतो बदलून’ असं काही बोलून बसू नकोस. तो शब्द तुला वर्षानुवर्षं ऐकवला जाईल.

‘आमचं कुठे चुकलं?’ हा प्रश्न येणारच, बहुतेक आईकडून. याचं उत्तर मनापासून दे. लाड केल्याने, धाक दाखवल्याने, संगतीने कुणी गे होतं याला आजवर पुरावा मिळालेला नाही. 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे पावणेपाच लाख माणसांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्याच्याकडे बोट दाखवावं असं एकच जनुक निघालं नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा, आणि जनुकांबाहेरचंही बरंच काही, असा तो सगळा गुंता आहे. आईला यातलं काही सांगत बसू नकोस. ‘तू काही केलंस म्हणून हे झालं नाही’ एवढं तिला पुरे, आणि ते तिला पुन्हा पुन्हा ऐकायचं असेल.

बाबा इलाजाचं काढतील. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली, जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी. पण नुसत्या तारखांनी बाबा ऐकतील असं मला वाटत नाही. त्यांना रॉबर्ट स्पिट्झर या मानसोपचारतज्ज्ञाची हकिकत सांग. 1973 च्या त्या निर्णयात त्यांचा मोठा हात होता. पुढे 2003 मध्ये त्यांनीच ‘काही जण बदलू शकतात’ असा शोधनिबंध छापला, आणि इलाजाची दुकानं मांडून बसलेल्यांनी तो डोक्यावर घेतला. 2012 मध्ये स्पिट्झरांनी त्या अभ्यासातून असा निष्कर्ष निघतच नव्हता हे मान्य केलं आणि समलिंगी लोकांची जाहीर माफी मागितली. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं. धर्माच्या आधाराने माणसं ‘सरळ’ करू पाहणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही अमेरिकेतली संस्थासुद्धा 2013 मध्ये माफी मागून बंद झाली. तेव्हा ‘आमच्या समाधानासाठी एकदा जाऊन ये’ याला हो म्हणू नकोस. समुपदेशकाकडे सगळ्यांनी मिळून जायला काहीच हरकत नाही. फक्त वेळ घेताना फोनवरच विचार, ‘हे बदलायचे उपचार तुम्ही करता का?’ उत्तर गोलमोल आलं की दुसरा समुपदेशक शोध.

बाबांबद्दल आणखी एक, आणि हा माझा अंदाज आहे. दुसऱ्यांची भांडणं मिटवणाऱ्या माणसाच्या पोटात निम्म्या समाजाच्या घरातल्या गोष्टी असतात. तुझ्यासारखा मुलगा त्यांनी आजवर पाहिलाच नसेल असं धरून चालू नकोस. कदाचित कुणाच्या तरी मुलाचा निवाडाही त्यांनी केला असेल, आणि तो काय केला होता हे तुझ्यासमोर बसल्यावर त्यांना आठवेल. म्हणून त्यांच्या पहिल्या दिवसाच्या शब्दांवरून शेवट ठरवू नकोस. आवाज चढला तर ‘आपण नंतर बोलू’ म्हण आणि ताईकडे जा. त्या दिवसांत एकटा राहू नकोस. रात्री-अपरात्री फोन उचलेल असा एक मित्र आधीच सांगून ठेव.

आईबाबांनाही कुणीतरी लागेल, आणि ते कुणीतरी तू नसशील. न्यूयॉर्कमधल्या जीन मॅनफर्ड या शिक्षिका 1972 मध्ये मुलाच्या बरोबरीने मोर्चात चालल्या. हातात पालकांना साद घालणारा फलक होता. तरुण पोरं धावत येऊन त्यांना विनवू लागली, ‘आमच्या आईबाबांशी बोला ना.’ पुढच्या वर्षी एका चर्चमध्ये वीसेक माणसं जमली, आणि तिथून पीफ्लॅग ही पालकांची संघटना उभी राहिली. भारतातही ‘स्वीकार’ हा पालकांचा गट आहे. तुझ्या दहा युक्तिवादांनी जे होणार नाही ते दुसऱ्या एखाद्या आईच्या ‘माझाही मुलगा असाच आहे’ या वाक्याने होऊ शकतं. आणि ती दुसरी आई समाजाबाहेरची असेल तर बोलणं फुटायची भीतीही नाही.

ते मनाने कधीच मान्य करणार नाहीत अशी शक्यता आहेच. तिथेही सगळं संपत नाही. केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या तरुणांचा अभ्यास मांडला. ज्यांना किशोरवयात घरून तीव्र झिडकारलं गेलं होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण, झिडकारलं न गेलेल्या किंवा अगदी कमी गेलेल्या तरुणांच्या 8.4 पट होतं. झिडकारणं म्हणजे घराबाहेर काढणं एवढंच त्यांनी धरलं नव्हतं. विषय काढू न देणं, मित्रांना भेटू न देणं, हेही त्यात आलं. रायन यांचा रोख असा की विश्वास-श्रद्धा न सोडताही आईबाप वागणं बदलू शकतात. तेव्हा बाबांकडून ‘पटलं’ हा शब्द वदवून घ्यायचा हट्ट नको. पूर्वीसारखा फोन करा, घरी येऊ द्या, माझ्यादेखत अशा लोकांवर विनोद करू नका, एवढं मागून बघ. हा आकडा मात्र त्यांना रागाच्या भरात फेकून मारू नकोस, त्याची धमकी होते.

तुझ्या त्या मित्राचं नाव पहिल्या दिवशी काढू नकोस. दोन्ही बातम्या एकदम गेल्या तर घरच्यांना गुन्हेगार आयता मिळेल. ‘त्यानेच बिघडवलं’ म्हटलं की विषय बंद. ‘कुणी आहे का?’ असं थेट विचारलं तर ‘त्याबद्दल नंतर बोलू’ म्हण. आणि त्याला हे सगळं माहीत आहे ना? तुझ्या घरून त्याच्या घरी फोन गेला तर काय, याचा विचार त्यालाही करू दे.

राहिली शपथ. घालेल, बहुतेक घालेलच. बाबांचा राग तिने जन्मभर पाहिलाय आणि तुला त्यापासून वाचवायचा तिला तोच एक मार्ग दिसणार. तरी शपथ घेऊ नकोस. घेतलीस तर गुपित होतं तिथेच राहील, फक्त ते सांभाळायला आणखी एक माणूस लागेल, आणि तो बीपीच्या गोळ्या घेणारा असेल. तिला म्हण, ‘आज सांगत नाही. तू म्हणशील तेवढं थांबतो, पण कधीच सांगणार नाही असं वचन देत नाही.’ मग बाबांना कधी आणि कुणी सांगावं हे तिलाच विचार, ती त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. ‘मीच सांगते’ म्हणाली तर सांगू दे, पण ताई घरात असताना आणि तू जवळपास असताना. आणि मुदत तिच्याच तोंडून घे. दोन महिने म्हणाली तर दोन महिने.